घरमालक आणि भाडेकरू : हक्कांइतकीच कर्तव्येही

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. घर बांधण्यात किती कष्ट, किती पैसा आणि किती काळजी खर्ची पडते, याची जाणीव या म्हणीत आहे. परंतु घर बांधणे वा विकत घेणे ज्यांच्या आवाक्यात नाही, अशा असंख्य कुटुंबांचा संसार भाड्याच्या घरातच मांडला जातो. शिक्षणासाठी पुण्यास आलेला विद्यार्थी, बदली होऊन नागपुरास गेलेला कर्मचारी, पोटापाण्यासाठी मुंबई-ठाण्याची वाट धरणारा कारागीर, या सर्वांना शहरात पहिला आसरा देते ते भाड्याचे घर. दुसऱ्या बाजूस, निवृत्तिवेतनाला जोड मिळावी म्हणून वरच्या मजल्यावरील दोन खोल्या भाड्याने देणारा शिक्षक असतो. पतीच्या निधनानंतर घरभाड्यावर मुलांचे शिक्षण करणारी गृहिणी असते. एकाच्या दृष्टीने तो डोक्यावरचा आधार असतो, तर दुसऱ्याच्या दृष्टीने आयुष्यभराच्या कमाईची ठेव असते. म्हणूनच घरमालक व भाडेकरू यांच्यातील संबंध बिघडले की त्याची झळ दोन कुटुंबांना सारखीच पोहोचते.

हे संबंध बिघडतात ते माणसे वाईट असतात म्हणूनच, असे नाही. बहुतेक तंट्यांचे मूळ शोधू गेल्यास असे आढळते की, कोणाचे कर्तव्य काय हे सुरुवातीस कोणी स्पष्ट बोलले नव्हते आणि बोलले असले तरी लिहिलेले नव्हते. ‘आपल्यात कशाला हवा कागद?’ या एका वाक्याने सुरू झालेला व्यवहार पुढे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जातो. यास्तव, आपला कायदा या दोघांकडून कोणत्या अपेक्षा करतो आणि दैनंदिन व्यवहारात त्या कशा पाळाव्यात, हे प्रत्येक नागरिकाने समजून घेणे आवश्यक आहे.

कायद्याचा मागोवा

मुंबईत भाडे नियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात झाला. जागांची टंचाई आणि भरमसाट भाडेवाढ यांपासून सामान्य रहिवाशांना संरक्षण देणे हा त्याचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. तो मूळचा मर्यादित मुदतीचा. परंतु टंचाई काही सरली नाही आणि त्याची मुदत वेळोवेळी वाढवावी लागली. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हे प्रमाण भाडे मानले होते.

या तरतुदीने हजारो कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचविले, हे निर्विवाद होय. तथापि तिची दुसरी बाजूही हळूहळू पुढे आली. चुना, सिमेंट, लाकूड, मजुरी या सर्वांचे दर वाढत गेले आणि भाडे मात्र होते तेथेच राहिले. मिळणाऱ्या भाड्यातून जिन्याच्या चार पायऱ्याही नीट होईनात, तेव्हा मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरविली. इमारत आपली नाही म्हणून भाडेकरूंनीही तिच्यावर खर्च केला नाही. वासे कुजले, गॅलऱ्या झुकल्या, आणि पावसाळा आला की जुन्या चाळींतील रहिवाशांचा जीव टांगणीला लागू लागला. अखेरीस मुंबई शहरातील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा करून मंडळ स्थापन करावे लागले. भाडे आणि दुरुस्ती यांची फारकत झाली की घराची काय दशा होते, याचा हा धडा होय.

यानंतरचा टप्पाही महत्त्वाचा आहे. १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने जागेत राहत असलेल्या व्यक्तींना भाडेकरूचा दर्जा देण्यात आला. रहिवाशांना दिलासा मिळाला. परंतु एकदा दिलेले घर परत मिळणार नाही, ही धास्ती अनेक मालकांच्या मनात घर करून बसली. घर रिकामे ठेवून त्यास कुलूप लावणे त्यांना अधिक सुरक्षित वाटू लागले. अशा रीतीने एका बाजूस घरासाठी वणवण आणि दुसऱ्या बाजूस कुलूपबंद घरे, असे विपरीत दृश्य निर्माण झाले.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, १९४० च्या पातळीवर भाडे गोठवून ठेवणाऱ्या तरतुदी काळाच्या ओघात वाजवी राहिल्या नाहीत, असा निर्णय दिला. तोपर्यंत मुंबई व पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा या भागांत वेगवेगळे कायदे लागू होते. त्या सर्वांची जागा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याने घेतली. ३१ मार्च २००० पासून तो अंमलात आला. बृहन्मुंबईसह अधिनियमाच्या अनुसूचीत नमूद केलेल्या क्षेत्रांत तो लागू आहे. भाडेकरूला संरक्षण आणि मालकाला रास्त मोबदला, या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न या अधिनियमात दिसतो. मालकास दरवर्षी भाड्यात ४ टक्के वाढ करण्याचा हक्क त्याने दिला आहे. आणि घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारीही त्याच्यावर टाकली आहे. हक्क आणि कर्तव्य यांची ही जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भाडेकरू की परवानाधारक?

व्यवहारात आपण भाड्याने राहणाऱ्या प्रत्येकास ‘भाडेकरू’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र यात दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार खऱ्या अर्थाने भाडेकरूचा. त्यास जागेत हितसंबंध प्राप्त होतो, आणि अधिनियमात सांगितलेल्या कारणांखेरीज त्यास घराबाहेर काढता येत नाही. दुसरा प्रकार ‘लीव्ह अँड लायसन्स’ या नावाने सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात मालक ठराविक मुदतीसाठी जागा वापरण्याची केवळ परवानगी देतो. मुदत संपली की परवानगी संपते, आणि राहणाऱ्याने जागा सोडावयाची असते.

शहरांतून आज होणारे घरभाड्याचे बहुसंख्य करार या दुसऱ्या प्रकारचे असतात. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी आपण कोणत्या नात्याने घरात पाऊल ठेवीत आहोत, हे दोघांनीही नीट जाणून घ्यावे. भाडेकरूस कायद्याने जे संरक्षण आपोआप लाभते, त्यापैकी पुष्कळसे परवानाधारकास करारात लिहून घ्यावे लागते. दुरुस्ती कोणी करावी, अनामत केव्हा परत द्यावी, मुदतीपूर्वी घर सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावी, या बाबी करारात नसतील तर वाद उद्भवल्यावर तोंडी आठवणींवर विसंबावे लागते.

करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा

करार अकरा महिन्यांचा केला की त्याची नोंदणी करावी लागत नाही, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, या नोंदणी कायद्यातील तरतुदीवरून हा समज पसरला असावा. महाराष्ट्रात तो खरा नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, भाडेकराराप्रमाणेच लीव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. मग मुदत अकरा महिन्यांची असो वा तीन वर्षांची.

ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याहून मोठा तोटा असा की, नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली होती याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. चार पैसे वाचविण्यासाठी नोंदणी टाळणारा मालक अशा रीतीने स्वतःच्याच घराविषयी बोलण्याचा आपला हक्क दुबळा करून घेतो.

नोंदणीसाठी आता पूर्वीसारखे हेलपाटे घालावे लागत नाहीत. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन करार नोंदविता येतो, तसेच लीव्ह अँड लायसन्स करारासाठी नोंदणी व मुद्रांक विभागाने ई-नोंदणीची सोयही केली आहे. मुद्रांक शुल्काचा हिशेब करताना भाड्याबरोबर अनामत रकमेचाही विचार होतो. म्हणून भाडे कमी व अनामत मोठी दाखवून शुल्क वाचेल, या भ्रमात कोणी राहू नये.

करारात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात : दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, जागेचे वर्णन, मुदत, भाडे व ते देण्याची तारीख, अनामत रक्कम व ती परत देण्याची वेळ, घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचे बिल व गृहनिर्माण संस्थेचे शुल्क यांचा भार कोणावर, दुरुस्तीची विभागणी, आणि मुदतीपूर्वी करार संपविण्याची सूचना. सही करण्यापूर्वी करार वाचून घ्यावा; वाचता येत नसल्यास विश्वासू व्यक्तीकडून वाचून घ्यावा. त्याची प्रत दोघांजवळही असावी.

घराचा ताबा घेताना

किल्ल्या हाती पडल्याच्या आनंदात एक साधी गोष्ट बहुधा राहून जाते, ती म्हणजे घराच्या स्थितीची नोंद. पंखे किती, दिवे किती, नळ गळतात काय, मोरीची फरशी फुटलेली आहे काय, भिंतीला ओल आहे काय, खिडक्यांच्या काचा शाबूत आहेत काय, याची यादी करून तिच्यावर दोघांनी सह्या कराव्यात. छायाचित्रे काढून ठेवणे आता प्रत्येकास शक्य आहे. वीजमापकावरील आकडाही त्याच दिवशी टिपून ठेवावा. घर सोडताना ‘ही तडा तुमच्यामुळे पडली’, ‘नव्हे, ती आधीपासूनच होती’ अशी जी वादावादी होते, ती या एका कागदाने टळते.

मालकानेही या वेळी काही लपवू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ प्रमाणे, जागेच्या नियोजित वापरास बाध आणणारा आणि वरवर पाहता ध्यानात न येणारा दोष मालकास ठाऊक असेल, तर तो भाडेकरूस सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. त्याचप्रमाणे, नव्याने राहावयास येणाऱ्या व्यक्तीची माहिती पोलीस ठाण्यास कळविण्याचे आदेश अनेक शहरांत वेळोवेळी काढले जातात. त्यांचे पालन मालकाने करावे आणि भाडेकरूने त्यासाठी आवश्यक ती कागदपत्रे विनासंकोच द्यावीत.

मालकाची कर्तव्ये

मालकाचे पहिले कर्तव्य म्हणजे घर राहण्यायोग्य ठेवणे. विरुद्ध करार नसेल तर जागा चांगल्या स्थितीत राखण्यास मालक बांधलेला आहे, असे अधिनियमाचे कलम १४ सांगते. भाडेकरूने दुरुस्तीची नोटीस दिल्यापासून पंधरा दिवसांत मालकाने ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये. समजा, एखाद्या घराचे मासिक भाडे १२,००० रुपये आहे. वर्षाचे भाडे झाले १,४४,००० रुपये. म्हणजे त्या वर्षात फार तर ३६,००० रुपये वळते करता येतील. नोटिशीची प्रत, ती पोहोचल्याचा पुरावा आणि खर्चाच्या पावत्या जपून ठेवणे अगत्याचे आहे. नोटीस न देता परस्पर भाडे अडवून धरणे हा मात्र कायद्याने सांगितलेला मार्ग नव्हे.

दुसरे कर्तव्य भाड्याची पावती देण्याचे. भाडे मिळताच लेखी पावती देणे मालकास बंधनकारक असून, ती न देणे हा दंडनीय अपराध आहे. पावती म्हणजे भाडेकरूवर केलेला उपकार नव्हे. तो त्याचा हक्क आहे, आणि मालकाच्या दृष्टीनेही तो चोख हिशेब आहे.

तिसरे कर्तव्य अत्यावश्यक सेवा अबाधित ठेवण्याचे. वाद झाला म्हणून नळाचे पाणी तोडणे, वीज बंद करणे, जिन्यातील दिवा काढून नेणे, अशा प्रकारांना कायद्यात थारा नाही. असे घडल्यास भाडेकरूस न्यायालयाकडून तो पुरवठा पूर्ववत करून घेता येतो, आणि दोषी मालक शिक्षेस पात्र ठरतो. घरात लहान मूल असते, आजारी माणूस असते. पाण्याची तोटी हे हिशेब चुकते करण्याचे साधन होऊ शकत नाही.

चौथे कर्तव्य भाडेकरूच्या घरपणाचा मान राखण्याचे. मालकास जागेची पाहणी करण्याचा अधिकार आहे; परंतु तो आगाऊ सूचना देऊन आणि वाजवी वेळी वापरावयाचा आहे. स्वतःजवळची किल्ली लावून केव्हाही आत शिरणे हे पाहणीत मोडत नाही. घर मालकाचे असले, तरी त्यातील संसार भाडेकरूचा असतो.

भाडेकरूची कर्तव्ये

भाडेकरूचे पहिले कर्तव्य उघड आहे, ते म्हणजे ठरल्या तारखेस भाडे देणे. भाडे आणि कायद्याने मान्य केलेली वाढ जो देतो, किंवा देण्यास तयार असतो, त्यास सामान्यतः घरातून काढता येत नाही, हा अधिनियमाचा पायाच आहे. भाडे थकल्यास मालकाने प्रथम लेखी नोटीस द्यावयाची असते, आणि तीनंतर ९० दिवस उलटल्याखेरीज त्यास या कारणासाठी दावा लावता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी वार्षिक १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढील भाडे नियमितपणे भरीत राहिला आणि दाव्याचा खर्च दिला, तर घर वाचते. कायद्याने अडचणीत सापडलेल्या कुटुंबास दिलेली ही सवड आहे. भाडे चुकविण्याची ती मुभा नव्हे.

मालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ‘त्यांनीच घेतले नाही’ म्हणून स्वस्थ बसणे धोक्याचे ठरते. बँकेमार्फत किंवा धनादेशाने, पोच मिळेल अशा टपालाने रक्कम पाठवावी आणि नकाराचा पुरावा जपून ठेवावा.

दुसरे कर्तव्य घर जपण्याचे. साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जशी वापरील, तशीच भाडेकरूने जागा वापरली पाहिजे. रोजच्या वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. रंग फिका पडणे वेगळे, आणि निष्काळजीपणाने फरशी फोडणे वेगळे. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केल्यास घराचा ताबा गमवावा लागू शकतो. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी आवश्यक असलेली खिडकी, वातानुकूलन यंत्र अशा सोयी, जेथे जरूर असेल तेथे पालिकेची परवानगी घेऊन केल्यास, कायम बांधकामात मोडत नाहीत. तरीही मालकाला विचारून केलेले काम हे सर्वांत निर्वेध काम होय.

तिसरे कर्तव्य, जागा ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी आणि स्वतःच वापरण्याचे. राहण्यासाठी घेतलेल्या खोलीत कारखाना काढणे, मालकाच्या नकळत पोटभाडेकरू ठेवणे, शेजाऱ्यांना उपद्रव होईल असे वागणे, किंवा वाजवी कारण नसताना सलग सहा महिने जागा न वापरणे, ही सर्व घर सोडावे लागण्याची कारणे ठरू शकतात. नोकरीनिमित्त परगावी जाताना शहरातील खोली कुलूप लावून अडवून ठेवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

लहानसहान दुरुस्त्यांचा प्रश्न

रोजच्या कुरबुरी बहुधा मोठ्या कामांवरून होत नाहीत. त्या होतात नळाच्या वॉशरवरून आणि दाराच्या कडीवरून. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार अधिनियमात या दुरुस्त्यांची एक उपयुक्त विभागणी दिली आहे. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारे-खिडक्यांचे रंगकाम, नळाचे पाइप बदलणे आणि विजेच्या तारांचे काम मालकाकडे. तर नळ व वॉशर बदलणे, मोरी व गटार साफ करणे, विजेची बटणे, कुलुपे, कड्या व खिडक्यांच्या काचा यांची दुरुस्ती भाडेकरूकडे. त्याच आदर्श अधिनियमात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही म्हटले आहे. हा आराखडा राज्याने स्वीकारल्यावरच त्यास कायद्याचे बळ येते, हे खरे. तरीही दोन समंजस पक्षांनी तो समोर ठेवून आपल्या करारात तशी कलमे घातली, तर त्यांना कोणाचीच आडकाठी नाही.

घर सहकारी गृहनिर्माण संस्थेत असेल, तर तिसरा पक्षही येतो. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो, तेव्हा संस्था त्याच्याकडून बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते. मात्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता येत नाही. संस्थेचे नियम भाडेकरूस पहिल्याच दिवशी दाखविण्याचे काम मालकाने करावे.

घर सोडण्याची वेळ

शेवट गोड तर सारे गोड. परवान्याची मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा सोडली नाही, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. अशा व्यक्तीस मुदतीनंतरच्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. समन्स मिळाल्यास तीस दिवसांच्या आत प्रतिज्ञापत्र देऊन आपली बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. ते न केल्यास मालकाचे म्हणणे मान्य झाले असे समजले जाते. मालकानेही कुलूप तोडून सामान रस्त्यावर टाकण्याचा मार्ग पत्करू नये. त्वरित निकालाची सोय कायद्यानेच करून दिलेली असताना कायदा हाती घेण्याचे कारणच उरत नाही.

भाडेकरूच्या बाबतीत, मालकास स्वतःच्या राहण्यासाठी घराची खरीखुरी व वाजवी गरज असेल, तर तो न्यायालयात ताबा मागू शकतो. परंतु ताबा दिल्याने भाडेकरूची होणारी अडचण आणि न दिल्याने मालकाची होणारी अडचण, यांतील अधिक मोठी कोणती, हे न्यायालय तोलून पाहते. गरज दाखवून घर घेतले आणि महिन्याभरात मालक तेथे राहावयास गेला नाही, किंवा वर्षाच्या आत ते दुसऱ्यास भाड्याने दिले, तर मूळ भाडेकरूस न्यायालयाकडे दाद मागता येते.

राजीखुशीने घर सोडताना विजेची बिले चुकती करावीत, किल्ल्या परत कराव्यात, आणि ताबा घेताना केलेली यादी समोर ठेवून दोघांनी घर फिरून पाहावे. काही कपात करावयाची असल्यास तिचा तपशील लेखी द्यावा, आणि उरलेली अनामत त्याच वेळी परत करावी. नव्या घराच्या अनामतीसाठी भाडेकरू याच रकमेकडे डोळे लावून बसलेला असतो, हे मालकाने विसरू नये.

दाद कोठे मागावी?

भाडेविषयक दावे बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. अन्यत्र, जेथे लघुवाद न्यायालय आहे तेथे त्याच्याकडे, आणि जेथे नाही तेथे दिवाणी न्यायाधीशांच्या न्यायालयात दाद मागावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कोणी हक्क सोडून देण्याचे कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली महिला, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेले नागरिक यांना मोफत कायदेविषयक साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात त्यासाठी अर्ज करता येतो. समझोत्याने मिटण्यासारखा वाद असेल, तर लोकअदालतीचा मार्ग अधिक सुलभ आहे. तेथे एकाचा विजय व दुसऱ्याचा पराभव होत नाही. दोघेही आपापल्या घरी परततात.

श्रोतेहो, घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे म्हणतात. जुन्या चाळींच्या बाबतीत ते शब्दशः खरे ठरले. पुरेसे भाडे न मिळाल्याने मालकाने छप्पर शाकारले नाही. छप्पर शाकारले नाही म्हणून भाडेकरूने भाडे अडविले. आणि या ओढाताणीत नुकसान झाले ते दोघांच्याही घराचे. कायद्याने आता दोघांच्या हक्कांबरोबर कर्तव्यांचीही चौकट आखून दिली आहे. वेळेवर दिलेले भाडे, वेळेवर केलेली दुरुस्ती, हाती ठेवलेली पावती आणि नोंदविलेला करार, या चार गोष्टी सांभाळल्या, तर मालकास घर देण्याची भीती उरणार नाही आणि भाडेकरूस घर जाण्याची चिंता राहणार नाही. कुलूपबंद घरांची दारे उघडतील आणि निवाऱ्याच्या शोधात असलेल्या कुटुंबांना हक्काचा आसरा लाभेल. नव्या घराची किल्ली हाती घेण्यापूर्वी आणि देण्यापूर्वी, दोघांनीही एक तासभर समोरासमोर बसून करार वाचावा, एवढे केले तरी पुढील पुष्कळ वर्षांचा मनस्ताप टळेल.